तमाशातील काव्यवर्ष : जुन्नर व आंबेगाव

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील तमाशाच्या फडांतून गायिल्या जाणाऱ्या कवनांचा वार्षिक क्रम. या रचनांचे प्रकाशन छापखान्यात नव्हे, बोर्डावर होते. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात. गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात (ता. जुन्नर) फडमालकांच्या राहुट्या लागतात व गावोगावचे यात्रा-पंच तेथे सुपाऱ्या ठरवितात, नवा वग रसिकांना मानवला की नाही, हे पुष्कळ अंशी त्या घासाघिशीतच कळून येते. चैत्र-वैशाखातील यात्रांबरोबर हंगाम आटोपतो.

भाऊ-बापू नारायणगावकर यांच्या फडातून पुढे आलेल्या विठाबाई (१९३५–२००२) यांना १९५७ व १९९० साली राष्ट्रपती पुरस्कार लाभला. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य शासनाने २००६ पासून सुरू केला; आंबेगाव तालुक्यातील अवसरीचे वसंत अवसरीकर हे त्याचे एक मानकरी. हे सन्मान मुख्यतः सादर करणाऱ्या कलावंतांचे होत. रचनाकाराचे नाव बहुधा अखेरच्या कडव्यातील नाममुद्रेपुरतेच उरते आणि गाताना ते कडवे गळले, तर तेही उरत नाही. वग तर बहुधा हस्तलिखित वहीतच राहतो. फड मोडला, की वहीचाही ठावठिकाणा लागत नाही.