समजून दिलेली संमती

करारनामा वाचून न दाखविता घेतलेली सही ही संमती नव्हे, हे कामगार चळवळीतल्या माणसास कोणी शिकवावे लागत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कारखान्यांत आम्ही तीस वर्षे हेच सांगत आलो. रुग्णालयातल्या कागदाला हा नियम का नसावा? आज कुटुंबनियोजनासंबंधी आम्हांस एवढेच मांडावयाचे आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि पुढे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्यांचा भर लोकांना समजावून देण्यावर होता. १९५२ पासून हे काम सरकारचे झाले, आणि हळूहळू समजावणे मागे पडून आकडा पुढे आला. १९७६ साली तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. १९९६ मध्ये केंद्राने वरून उद्दिष्टे लादणे सोडले. तरीही २०१४ साली छत्तीसगडात बिलासपूरजवळ एकाच शिबिरात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या भागातील शिबिरांत मिळून १३ जणी दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत, शस्त्रक्रियेचे परिणाम बाईला तिच्या भाषेत समजवावेत, आणि मन बदलावयास तासाभराची सवड द्यावी.

निवड करावयाची तर पर्याय ठाऊक हवेत. तांबी दहा वर्षेपर्यंत चालते व हवी तेव्हा काढता येते. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची व सोपी आहे. मात्र तिच्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांचे प्रमाण शेकडा एकसुद्धा नाही. भार कोणी उचलावा, हे घरात कधी विचारले तरी गेले काय?

एकट्या बाईने डॉक्टरांना प्रश्न विचारणे कठीण; दहाजणींनी मिळून विचारणे सोपे. २००७ साली राज्यातील पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा त्यांत होता. गावकरी आरोग्यसेवेची गुणपत्रिका भरीत आणि जनसुनवाईत अधिकारी सर्वांसमक्ष उत्तर देत. ही व्यवस्था खेड्यांसाठी होती. आमच्या चाळींतून व वस्त्यांतून महिला मंडळांनी व युनियनांनी तीच रीत उचलावी आणि तीन प्रश्न विचारावेत: कागद तिच्या भाषेत वाचून दाखविला काय? सर्व साधने सांगितली काय? पुढे त्रास झाल्यास कोणाकडे जावयाचे, हे कळविले काय?

यात परिचारिकेशी वा आशाताईंशी भांडण नाही. त्याही राबणाऱ्याच. त्यांच्यावर आकड्याचा दाब आला की तो अखेर बाईच्या अंगठ्यावर उतरतो. म्हणून जाब विचारावयाचा तो आकडा लादणाऱ्यास.