डिग्री मिळाली, आता पुढे काय? मोठ्या चित्रकारांनी नव्या मुलांना दिलेली साथ

उन्हाळा संपता संपता कला महाविद्यालयांचे निकाल लागतात. चार वर्षांचं बीएफए पूर्ण करून मुलगी घरी येते आणि प्रश्न सुरू होतात. मामू विचारतात, खाला विचारतात, अब्बू विचारत नाहीत, पण त्यांच्या मनातही तेच असतं: ‘चित्रं काढून घर चालतं का?’

हा प्रश्न रास्त आहे. ज्यांची नावं आपण आज अभिमानाने घेतो, त्या चित्रकारांनाही तो चुकला नव्हता. मात्र त्यांच्या अडचणीच्या काळात कुणीतरी पाठीशी उभं राहिलं आणि पुढे त्यांनीही ही साथ नव्या मुलांना दिली. ही साथ नुसत्या शाबासकीची नव्हती.

रझा यांना मिळालेला खरा सल्ला

सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकून ते मुंबईला आले. दिवसा एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी आणि उरलेल्या वेळेत चित्रकला, असे त्यांचे सुरुवातीचे दिवस गेले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं शिक्षण १९४७ च्या सुमारास संपलं.

१९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची भेट प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी झाली. ब्रेसाँ यांनी चित्रं पाहिली. हातात गुण आहे हे त्यांनी मान्य केलं, पण चित्राची बांधणी कच्ची आहे हेही तोंडावर सांगितलं. इमारतीला जसा पाया लागतो तसा चित्रालाही लागतो, तेव्हा सेझान या चित्रकाराचा अभ्यास कर, असा त्यांचा सल्ला होता.

दुसरा कुणी रुसून बसला असता. रझा मुंबईला परतले आणि फ्रेंच शिकायला लागले. १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पॅरिसला गेले. जाताना जे. जे. मधल्या आपल्याहून लहान अकबर पदमसी यांनाही त्यांनी पॅरिसला यायला सांगितलं. पुढे २००१ मध्ये त्यांनी रझा फाउंडेशन स्थापन केलं. ही संस्था तरुण कलाकारांना मदत करते.

पदमसींनी उघडलेलं दार

अकबर पदमसी १९५१ मध्ये पॅरिसला गेले आणि नावारूपाला आले. १९६९ मध्ये त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. हे पैसे ते एकट्यासाठी वापरू शकले असते. त्यांनी मात्र मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. तिथे १६ मिलिमीटरचा कॅमेरा, फोटो धुण्याची खोली आणि छापे काढण्याचं यंत्र होतं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले, सगळ्यांनी एकत्र येऊन प्रयोग करावेत हा हेतू होता.

त्याच वर्षी जे. जे. मधून बाहेर पडलेली एक तरुणी तिथे आली, नलिनी मलानी. नुकत्या पास झालेल्या मुलीला अशी महागडी साधनं कोण हाताळू देणार? पदमसींच्या वर्कशॉपमध्ये तिने कॅमेऱ्याने आपल्या पहिल्या फिल्म्स बनवल्या. व्हिडिओ आणि फिल्म हे पुढे तिच्या कलेचं मुख्य अंग झालं. २०२३ मध्ये नलिनी मलानी यांना जपानचा मानाचा क्योटो पुरस्कार मिळाला.

तय्यब मेहतांचा सब्र

तय्यब मेहता यांनी आधी सिनेमाच्या एडिटिंगचं काम केलं आणि १९५२ मध्ये जे. जे. ची पदविका घेतली. मनासारखं न उतरलेलं चित्र ते स्वतःच नष्ट करत. २००२ मध्ये त्यांचं ‘सेलिब्रेशन’ हे चित्र लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेलं, तेव्हा त्यांचं वय ७७ होतं. पदवी आणि या बातमीमध्ये ५० वर्षं गेली.

मग घर कसं चालायचं?

या मंडळींकडे पाहिलं तर उत्तर सापडतं. रझा नोकरी करत होते. तय्यब मेहता एडिटिंग करत होते. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. पोटासाठी जोडीला काम केलं म्हणून त्यांच्यातला चित्रकार संपला नाही. आज ड्रॉइंग टीचर, पुस्तकांची चित्रं, ॲनिमेशन, डिझाइन असे मार्ग तेव्हापेक्षा जास्त आहेत.

मुलांनी राज्य कला प्रदर्शनासाठी आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनासाठी चित्रं पाठवावीत. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, तिचे अर्ज कधी निघतात यावर लक्ष ठेवावं. ओळखीतल्या एखाद्या जाणत्या चित्रकाराला काम दाखवावं आणि चुका ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

आणि घरच्यांनी? दोन खोल्यांच्या घरातही खिडकीजवळचा एक कोपरा मुलीला देता येतो. तिचं चित्र प्रदर्शनात लागलं तर अब्बू-अम्मींनी ते बघायला जावं. चित्र कळलं नाही तर तिलाच विचारावं, ‘बेटा, यात काय काढलंयस?’ ‘किती कमावलंस?’ हा प्रश्न वर्षभर थांबू शकतो.

वर्कशॉप उघडणं आपल्या हातात नसेल, पण घरातला कोपरा मोकळा करणं नक्कीच आहे.