कारखान्यातील कळफलक

मुलांनो, घरातील संगणकाची कळ अडकली, तर फार तर एखादे अक्षर चुकते. ते खोडून पुन्हा लिहिता येते. परंतु धातू कापणाऱ्या यंत्राची कळ अडकली, तर मौल्यवान काम वाया जाते; प्रसंगी कारागिराच्या हातावर बेतते.

आकड्यांच्या आज्ञांनी चालणारे असे यंत्र १९५२ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत दाखवण्यात आले. तेव्हा आज्ञा कागदाच्या छिद्रित फितीवरून मिळत. आज कारागीर त्या कळफलकावरून देतो.

कारखान्यात या फलकाचे शत्रू तीन : धूळ, तेलकट पाणी आणि धातूचा कीस. धातूतून वीज वाहते. म्हणून आत शिरलेला बारीक कणही भलतीच आज्ञा देऊ शकतो. यास्तव कळांवर अखंड आवरण असलेला फलक निवडावा. त्यावर 'आयपी ६५' ही खूण असावी. तीतील ६ हा अंक धूळ मुळीच आत जात नाही असे सांगतो, तर ५ हा अंक पाण्याच्या झोतापासून संरक्षणाची ग्वाही देतो. मात्र काही रबरे तेलाने फुगतात. तेव्हा आवरण तेलात टिकते का, हेही विचारावे.

एवढी काळजी घेऊनही यंत्र तातडीने थांबवण्याचे काम या फलकावर सोपवत नाहीत. त्यासाठी पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगाचे, छत्रीच्या आकाराचे स्वतंत्र बटण असते. दाबले की ते दबलेलेच राहते. टिकाऊ वस्तूही कधी तरी बिघडते. गेलेला हात मात्र परत येत नाही.