पडदे रंगवले, पडदे उतरवले

कोल्हापूरच्या मेस्त्री घरात हातात हत्यार न धरता मोठं होणं अवघडच होतं. कृष्णराव मेस्त्री म्हणजे सुतारकाम, लोहारकाम ते हस्तिदंतावरचं कोरीवकाम, सगळ्यात हात चालणारा कारागीर. त्यांचा मुलगा बाबूराव ३ जून १८९० रोजी जन्मला. कलाशाळेची पायरी तो चढला नाही. रंग कालवायला, माती मळायला, छिन्नी चालवायला घरातच शिकला. पुढे ‘कलामहर्षी’ ही पदवी लोकांनी दिली आणि ‘पेंटर’ हे आडनाव धंद्याने. मराठी माणूस त्यांना ओळखतो तो मात्र सिनेमावाले म्हणून. ही ओळख खरी आहे, पण अर्धी. बाबूरावांच्या सिनेमात जे जे नवं होतं, ते कॅमेऱ्याआधी त्यांच्या शिल्पकाराच्या हातात होतं.

सुरुवात झाली ती नाटकाच्या पडद्यांपासून. संगीत नाटकांचा तो ऐन बहराचा काळ. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदानाला लागून पॅलेस थिएटर बांधलं, तेही १९१०च्या दशकात. प्रत्येक कंपनीला राजवाडा, रस्ता, अरण्य, बाग, तुरुंग असे पडदे लागत आणि शिवाय एक झोकदार दर्शनी पडदा. रंगमंचाच्या रुंदीएवढं कापड ताणून बसवायचं, त्यावर खळीचा हात द्यायचा, मग कुंच्याने एवढं मोठं चित्र उतरवायचं की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही महालाचे खांब मागे मागे जाताना दिसले पाहिजेत. भिंतीवर चित्र काढणाऱ्यालाही हेच करावं लागतं. फरक इतकाच, की ही भिंत मुक्काम हलला की बांबूला गुंडाळून बैलगाडीत पडायची. १९१० ते १९१६ या वर्षांत बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव या कामात पश्चिम भारतात अग्रगण्य होते. मराठी संगीत मंडळ्यांसाठी त्यांनी पडदे केले, तसे पारशी-गुजराती नाटकवाल्यांसाठीही.

त्या पडद्यांचं आयुष्य कापडाएवढंच. पाऊस, वाळवी आणि प्रवास यांनी ते संपवले. पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री तेही आगीत होरपळलं.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघा भावांना चित्र हलवण्याचं वेड लागलं. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी एक जुनं प्रोजेक्टर आणलं आणि सिनेमाचे खेळ लावले. पण दुसऱ्याची चित्रं दाखवण्यात त्यांचं समाधान नव्हतं. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून तो घरीच करायचं ठरलं. १९१६ साली आनंदराव अकाली गेले. काम अर्ध्यावर राहिलं. ते बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने तडीस नेलं. १९१८च्या सुमारास कोल्हापुरात घडवलेला कॅमेरा चालू लागला.

भांडवलाची कथा तर याहून रंजक. कुणी सरदार किंवा शेठजी पुढे आला नाही. पैसे दिले तानीबाई कागलकर या गायिकेने. तिच्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. युरोपात शिल्पकार आणि भित्तिचित्रकार यांना निदान सरकारी इमारतींचा आधार होता. हॉलंडने १९५१ साली सरकारी बांधकामाच्या खर्चाचा दीड टक्का कलाकामासाठी राखून ठेवण्याचा नियमच केला. कोल्हापूरच्या कारागिराला असा नियम कुठला? त्याला नाटक कंपनी होती आणि एक दिलदार गाणारीण होती.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. फाळक्यांना पहिल्या चित्रपटासाठी तारामतीची भूमिका एका पुरुषाला द्यावी लागली होती, हे आठवलं म्हणजे त्याचं महत्त्व कळतं. कीचकवधाचं दृश्य तर इतकं खरं उतरलं की ते पुढे कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

खरी गंमत पुढेच आहे. ज्या माणसाने पडदे रंगवून नाव कमावलं, त्यानेच सिनेमातून रंगवलेला पडदा हद्दपार केला. तोवर चित्रपटातही पात्रांच्या मागे नाटकासारखंच रंगीत कापड लोंबत असे. बाबूरावांनी त्याजागी भरीव नेपथ्य उभं केलं. त्यात खांबाला गोलाई होती, दाराला जाडी होती, पात्राला मागून पुढे येता येत होतं. सपाट कापडावर खोलीचा भास कसा करायचा हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच तो भास किती तोकडा आहे हेही त्यांनाच आधी उमगलं असावं. १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. उजेड कुठून पाडला की चेहऱ्याचं हाड उठून दिसतं, हे मातीत मुखवटे घडवणाऱ्याला वेगळं शिकावं लागत नाही. चित्रण सुरू होण्याआधी ते वेशभूषा, पात्रं आणि त्यांच्या हालचाली कागदावर रेखाटून ठेवत. चित्रपटाची पोस्टर्स स्वतः रंगवत.

कंपनी म्हणजे एक चित्रशाळाच होती. दामले आणि फत्तेलाल दोघेही मुळात रंगकामातले. शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा तिथे १९२० साली पडेल ते काम करायला लागला, तोच पुढे व्ही. शांताराम झाला. १९२९ साली ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. बाबूरावांच्या कंपनीला तो घाव सोसला नाही. पण ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ पाहताना देहूचं घर, अंगण, भांडी खरी वाटतात, त्यामागे कोल्हापूरची ती तालीम आहे.

उमरखेडच्या वाचकाला या माणसाशी सोयरीक वाटावी असा चित्रपट म्हणजे १९२५चा ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपट्यांची. शेतकरी कर्ज काढतो, सावकार जमीन गिळतो आणि तो पोट भरायला शहरात गिरणीत जातो. शेतकरी झाले होते शांताराम. पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध शेतकरी १८७५ सालीच उठले होते, १८७९ साली कायदाही झाला. पण पडद्यावर त्या दुःखाला कुणी जागा दिली नव्हती. अंधारलेली झोपडी आणि भेसूर रडणारं कुत्रं, हे त्यातलं दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहिलं. तेव्हा उमरखेड वऱ्हाडात, पुसद तालुक्यात होतं. पैनगंगेपलीकडे निजामाची हद्द होती आणि अलीकडे कपाशीच्या पिकावर घेतलेलं कर्ज. पुढे याच भागातल्या, महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवलं. आजही त्या दिवशी राज्यभर अनेक जण अन्नत्याग करतात. बाबूरावांचा चित्रपट त्याच्या एकसष्ट वर्षं आधीचा.

प्रेक्षकांनी मात्र तो उचलून धरला नाही. त्यांना देवादिकांचे चमत्कार आणि ढाल-तलवारी हव्या होत्या. बाबूराव पुन्हा पुराण-इतिहासाकडे वळले. बोलपट आल्यावर त्यांनी १९३६ साली ‘सावकारी पाश’ दुसऱ्यांदा केला, ‘उषा’, ‘प्रतिभा’ केले, शांतारामांबरोबर ‘लोकशाहीर रामजोशी’ केला. पण बोलपटात त्यांचा जीव रमला नाही असंच दिसतं. आवाज ही त्यांची सामग्रीच नव्हती. ते पुन्हा रंगाकडे आणि मातीकडे आले.

या परतीचं मोठं फळ कोल्हापूरच्या शिवाजी चौकात आहे. तिथे पूर्वी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. ‘चले जाव’च्या लढ्यात स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केला आणि १९४५ साली त्या जागी शिवाजी महाराज उभे राहिले. घडवणारे हात बाबूरावांचे होते. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं.

पडदे उरले नाहीत. मूक ‘सावकारी पाश’चीही प्रत आज उपलब्ध नाही. तेव्हा अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जाणाऱ्या उमरखेडकरांनी शिवाजी चौकात जरूर थांबावं आणि पुढे खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे तेही पाहून यावं. दोन्ही ठिकाणं देवळापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.