दारच्या सृष्टीची शिरगणती

निसर्ग पाहावयाचा तर सह्याद्रीत, सातपुड्यात किंवा निदान डांगच्या जंगलात गेले पाहिजे, अशी शहरवासीयांची समजूत असते. सुरतेच्या आग्नेयेकडील गोडादरा ही वस्ती पाहिली म्हणजे ती समजूत खरी वाटावी असेच तिचे बाह्य रूप आहे. एकास एक खेटून असलेली घरे, यंत्रमागांचा आणि कापडबाजाराचा उद्योग, साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो, यांच्या गर्दीत सृष्टीला जागा उरली असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु त्याच वस्तीत भिंतीच्या फटीतून पिंपळ डोके वर काढतो, मोकळ्या प्लॉटवर रुई फुलते, पावसाचे पाणी साचले की टिटवी ओरडत फिरते आणि गॅलरीतील कुंडीत लावलेल्या कढीपत्त्यावर फुलपाखरू अंडी घालून जाते. ही सृष्टी आपल्या दाराशी आहे. तिची मोजदाद मात्र कोणी ठेवलेली नसते. जिची मोजदाद नाही तिचा नाश झाला तरी तो कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

ही मोजदाद सामान्य नागरिकांकडून करवून घेण्याचे जे मार्ग अलीकडे रूढ झाले आहेत, त्यांत निसर्गनिरीक्षणाच्या स्पर्धांचा उल्लेख प्रथम करावा लागेल. २०१६ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांतील निसर्गविषयक संग्रहालयांनी आपापल्या नागरिकांना असे आव्हान दिले की, ठरलेल्या आठ दिवसांत कोणते शहर अधिक प्राण्यांची, पक्ष्यांची, कीटकांची व वनस्पतींची नोंद करते ते पाहू. गंमत म्हणून सुरू झालेली ही चुरस २०१८ पासून जगातील शहरांत पसरली. आता ती एप्रिलच्या अखेरीस चार दिवस चालते. पक्ष्यांपुरती अशीच एक गणना १९९८ पासून फेब्रुवारीत चार दिवस होते आणि भारत तीत २०१३ पासून सहभागी आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. त्याच्या आरंभी मारुती चितमपल्ली यांचा आणि अखेरीस डॉ. सलीम अली यांचा जन्मदिन येतो.

या कामाची पद्धत अगदी सोपी आहे. भ्रमणध्वनीवर एखाद्या झाडाचे किंवा कीटकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि ते 'आयनॅचरलिस्ट'सारख्या नोंदवहीत पाठवावयाचे. छायाचित्राबरोबर स्थळ आणि दिनांक आपोआप नोंदले जातात. नाव ठाऊक नसले तरी बिघडत नाही. दूरदूरचे जाणकार ते छायाचित्र पाहून नाव सुचवितात, आणि पुरेशा जाणकारांचे एकमत झाले म्हणजे ती नोंद संशोधनाच्या उपयोगाची ठरते. पक्ष्यांसाठी 'ई-बर्ड' ही स्वतंत्र नोंदवही आहे. तेथे छायाचित्राचीही सक्ती नाही. एका जागी पंधरा मिनिटे उभे राहून जेवढे पक्षी दिसले किंवा ऐकू आले त्यांची नावे व संख्या लिहिली म्हणजे झाले.

नावांच्या बाबतीत गोडादऱ्याची स्थिती मोठी भाग्याची म्हटली पाहिजे. येथील पुष्कळ मराठी कुटुंबे खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली आहेत. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटरांचा प्रवास करणारी तापी प्रथम खानदेशाची शेते भिजविते आणि मग सुरतेजवळ समुद्रास मिळते. तेव्हा ही माणसे जणू नदीच्या प्रवाहाबरोबरच खाली उतरली, आणि येताना झाडापाखरांची नावेही घेऊन आली. घरातील मुलगा चिमणीला चिमणी म्हणतो. गल्लीतील गुजराती सवंगडी तिला चकली म्हणतो. साळुंकीची काबर होते, टिटवीची टिटोडी होते, रुईचा आकडो होतो. आजीच्या अहिराणीत कावळ्याचा कावया झालेला असतो. शास्त्रज्ञ चिमणीला 'पासर डोमेस्टिकस' म्हणतात, हे त्या मुलाला कळले म्हणजे त्याच्या तीन नावांत चौथ्याची भर पडते इतकेच. ज्या आजीला बांधावरचा टाकळा, आघाडा आणि धोतरा पानावरून ओळखता येतो, तिचे ज्ञान या कामी भ्रमणध्वनीपेक्षा कमी मोलाचे नाही. ते तिच्याबरोबर संपून जाऊ नये, म्हणूनही ही नोंद व्हावयास हवी.

मात्र नोंद खरी असली पाहिजे. खोटी नोंद किती अनर्थ करते याचे उत्तम उदाहरण याच तापीच्या खोऱ्यात घडले आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा एक लहान पक्षी १८७२ साली प्रथम शास्त्रज्ञांच्या हाती आला. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र तो कोणास आढळला नाही. अपवाद होता तो एकच. रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने सांगितले की, १९१४ साली आपण हा पक्षी तापीकाठच्या मांडवी येथे, म्हणजे सुरतेच्या पूर्वेस, मिळविला. साहजिकच पुढील शोधकांचे लक्ष त्या स्थळाकडे वळले आणि व्यर्थ गेले. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा उघड झाले की, तो मुळी डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. चोरून, नव्याने भरून त्यावर खोटे स्थळ व खोटी तारीख चिकटविली होती. खोटे स्थळ बाजूस सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागाने निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षे हरवलेला पक्षी खानदेशातच होता. पुढे तो मेळघाटात, यावलच्या अरण्यात व डांगमध्येही आढळला.

गोडादऱ्यातील शाळकरी मुलाने या कथेतून एकच गोष्ट ध्यानी ठेवावी: जे पाहिले, जेथे पाहिले, ज्या दिवशी पाहिले, तेच लिहावे. चुरशीत संख्या वाढविण्यासाठी गावाकडचे छायाचित्र सुरतेचे म्हणून देऊ नये. लावलेले झाड रानटी म्हणून नोंदवू नये. येथे एक बारकावा आहे: कुंडीतील कढीपत्ता हा लावलेला असतो, पण त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी जी लहान अळी असते ती कोणी पाळलेली नसते, ती नोंद खरीखुरी निसर्गाचीच होय. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाऊ नये, अंडी हलवू नयेत, रोपटे उपटू नये. दुर्मीळ जीवांची नेमकी जागा नोंदवहीत झाकून ठेवली जाते ती शिकाऱ्यांच्या व विक्रेत्यांच्या भीतीनेच. नोंद करणारानेही ती बोलत सुटू नये.

अशा किरकोळ नोंदींचा काय उपयोग, असे कोणी विचारील. चिमण्या नाहीशा झाल्या अशी हाकाटी कित्येक वर्षे चालू होती. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे १५,५०० पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो आधारलेला होता, आणि ८६७ जातींचा विचार त्यात केलेला होता. देशभराचा हिशेब पाहता चिमणीची संख्या बहुतांशी स्थिर आहे, परंतु मोठ्या शहरांतून मात्र ती घटत आहे, असे त्यातून दिसून आले. म्हणजे दुखणे कोठे आहे ते कळले. शहरात घरट्याला फट मिळत नाही आणि पिलांना भरवावयास किडे मिळत नाहीत, या गोष्टींकडे लक्ष गेले. हे निदान हजारो सामान्य माणसांनी अंगणात, गच्चीवर आणि शाळेच्या पटांगणात केलेल्या मोजणीतून निघाले.

संरक्षणाचा मार्गही नोंदीतूनच जातो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने, महानगरपालिकेनेही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते, आणि त्या समितीने लोकांशी विचारविनिमय करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ही नोंदवही कचेरीत बसून लिहिता येत नाही. लिंबायत भागातून जाणाऱ्या मिठी खाडीच्या काठी कोणते बगळे उतरतात, कोणत्या उंबरावर पाखरे फळे खावयास येतात, हे तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. ज्या झाडाची नोंद आहे ते तोडण्यापूर्वी निदान प्रश्न विचारता येतो. नोंद नसलेल्या झाडाबद्दल विचारावयाचे तरी कशाच्या आधारे?

रुईचेच उदाहरण घ्यावे. मारुतीला माळ वाहण्यापलीकडे या झाडाकडे कोणी फारसे पाहत नाही, आणि प्लॉट साफ करताना ते पहिल्यांदा कापले जाते. पण तांबूस पंखांचे, काळ्या कडांचे एक फुलपाखरू आपली अंडी रुईच्या पानांवर घालते. तिच्या अळ्या त्या पानांवर वाढतात, आणि चिकातील विष अंगात साठल्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहीत. गल्लीतील सर्व रुई गेली की ते फुलपाखरूही त्या गल्लीतून जाते. त्याचे जाणे ज्याने टिपले असेल, तोच चार झुडपे राखा असे सांगू शकेल.

यासाठी मोठा खर्च नको. फेब्रुवारीत पाहुण्या पक्ष्यांची गणना, एप्रिलच्या अखेरीस सर्व जीवांची चार दिवसांची चुरस, पावसाळ्यात रानभाज्या आणि बेडूक, सप्टेंबरात फुलपाखरे, असा वर्षाचा क्रम सहज बसतो. महानगरपालिकेच्या मराठी शाळांना, गणेश मंडळांना, सोसायट्यांना तो उचलता येईल. दुसऱ्या पाळीच्या कामगारालाही सकाळची पंधरा मिनिटे काढता येतील. बक्षीस कोणत्या शहरास मिळाले याला फारसे महत्त्व नाही. दरवर्षी त्याच जागी, त्याच दिवसांत, प्रामाणिकपणे मोजले गेले, तर दहा वर्षांनी गोडादऱ्याला आपण काय राखले आणि काय गमावले याचा हिशेब देता येईल.