विस्तारित वॉरंटी आणि मालवण किनाऱ्यावरील ग्राहक

टी.व्ही., फ्रीज यांसारख्या महाग उपकरणांची मूळ वॉरंटी किमतीतच समाविष्ट असते. विस्तारित वॉरंटी हा मात्र वेगळे मूल्य देऊन केलेला करार होय. मालवण किनाऱ्यावर खारी हवा, पावसाळी विजा आणि विद्युतदाबातील चढउतार उपकरणांना विशेष बाधक ठरतात. नेमकी गंज, वीज व दाबातील चढउतार यांमुळे झालेली हानीच अशा करारांतून बहुधा वगळलेली असते. म्हणजेच जोखीम अधिक तेथे संरक्षण तोकडे. त्यामुळे अपवादांची कलमे वाचल्याशिवाय ही वॉरंटी घेणे हितावह नाही. स्टॅबिलायझर व योग्य अर्थिंग यांवरील खर्च अधिक उपयुक्त होय. करारातील सेवा नाकारली गेल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये २ वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.