टपालकला

टपालाने पाठविण्यासाठीच हाताने घडविलेल्या व पत्त्यावर पोहोचल्यावरच पूर्ण होणाऱ्या चित्रकृतींची कला. चित्रे, चिकटचित्रे, अक्षरलेखन, रबरी शिक्के ही तिची साधने. अमेरिकन कलावंत रे जॉन्सन (१९२७–९५) हा तिचा प्रवर्तक मानला जातो. परिचितांना चित्रपत्रे धाडून त्यांत भर घालण्यास व ती पुढे पाठविण्यास तो सुचवी. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात १९७० मध्ये अशा पत्रांचे प्रदर्शन भरले. या कलेत परीक्षक व विक्री नसते. आलेली कृती सहसा परत करीत नाहीत. टपालखात्याचा शिक्का, मुडपलेली कडा, वाटेतला डाग हेही कृतीचेच अंग ठरते. उघडे कार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो, हे तिचे बळ व जोखीमही होय. यूरग्वायच्या लष्करी राजवटीने क्लेमेंते पादीन व होर्हे काराबायो या टपालकलावंतांना १९७७ मध्ये तुरुंगात टाकले.

भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये आले. नंदलाल बोस यांनी शिष्यांना व स्नेह्यांना पाठविलेली चित्रित कार्डे प्रसिद्ध आहेत. मात्र त्यांमागे चळवळ नव्हती. नांदेड-लातूरचा प्रदेश निजामी राज्यात होता. त्या राज्याची तिकिटे १८६९ पासून निघत व त्याची स्वतंत्र टपालव्यवस्था १९५० मध्ये भारतीय टपालखात्यात विलीन झाली. तिकिटे बदलली, तरी लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावून ती टपालात टाकण्याची चाल मराठी घरांतून चालत आली. मजकूर वाचण्याआधीच त्या बोटांच्या खुणांनी वार्ता कळते. लावणाऱ्याने तिला कला म्हटले नाही, एवढेच.